माउझरचा चाप : ओबर्नडॉर्फच्या बंदूककाराची जीवनकथा

रायफलीची नळी, तिचा दस्ता, तिच्यावरची दुर्बीण यांविषयी हौसेने बोलणारे पुष्कळ भेटतात. चापाविषयी बोलणारे थोडे. वास्तविक रायफल हाती धरणारा माणूस आणि त्याच्या इच्छेविना न सुटणारी गोळी यांच्यामधला दुवा म्हणजे हा बोटाएवढा पोलादी तुकडा. त्याच्याकडून दोन परस्परविरोधी कामांची अपेक्षा असते. ताणलेली स्प्रिंग त्याने तासन्‌तास निश्चल रोखून धरावी आणि मालकाचे बोट सांगेल त्याच क्षणी, हाताला हिसका न देता, ती सोडून द्यावी. रोखण्याचे काम जितके पक्के, तितके सोडण्याचे काम जड. सोडणे जितके हलके, तितके रोखणे कच्चे. या पेचावर ज्याच्या कारखान्यातून निघालेला तोडगा आज सव्वाशे वर्षांनंतरही टिकून आहे, तो माणूस म्हणजे पेटर पॉल माउझर. जगभरच्या बोल्ट रायफलींच्या रचनेवर त्याच्या नावाची छाप आहे आणि रायफलीचा चाप बदलू पाहणारा प्रत्येक जण, त्याला ठाऊक असो वा नसो, त्यानेच घालून दिलेल्या प्रश्नाशी येऊन थांबतो.

शस्त्रशाळेच्या सावलीत

दक्षिण जर्मनीतील व्युर्टेंबर्ग राज्यात, नेकार नदीच्या काठी, ओबर्नडॉर्फ नावाचे छोटेसे गाव आहे. तेथील ऑगस्टिनियन संन्याशांचा मठ ओस पडल्यावर राजाने १८११ मध्ये त्या वास्तूत शस्त्रशाळा सुरू केली. गावातील बहुतेक घरांची चूल या शस्त्रशाळेवर पेटत असे. अशाच एका बंदूककाराच्या घरी २७ जून १८३८ रोजी पॉलचा जन्म झाला. तेरा भावंडांत तो शेंडेफळ. वडील राजाच्या शस्त्रशाळेत कारागीर होते आणि मुलांनीही तीच वाट धरली. कानस, हातोडी आणि तेलाचा वास यांच्या संगतीतच पॉल लहानाचा मोठा झाला.

१८५९ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेसाठी त्याची रवानगी लुडविग्सबुर्गच्या तोफखान्यात झाली. तेथील शस्त्रागारात त्याने शस्त्रांची रचना जवळून पाहिली. त्या काळी प्रशियाच्या सैन्याकडे ड्रायझेची सुईबंदूक होती. तिच्यात कागदी काडतूस मागच्या बाजूने भरले जाई आणि एक लांब सुई ते काडतूस भेदून आतील स्फोटक टोपीवर आदळे. कल्पना मोठी होती, पण अंमल अपुरा होता. सुई लवकर झिजे, मोडे. बोल्टच्या फटीतून तप्त वायू नेमबाजाच्या तोंडावर येई. आणि सुईची स्प्रिंग ताणण्यासाठी वेगळी हालचाल करावी लागे. गावी परतल्यावर पॉल आणि त्याचा थोरला भाऊ विल्हेल्म यांनी या बंदुकीवर काम सुरू केले. बोल्ट उघडण्या-मिटण्याच्या हालचालीतच स्प्रिंग आपोआप ताणली जावी, ही पॉलची कल्पना. नेमबाजाने विसरण्याजोगी एक पायरी त्यामुळे कमी झाली. माणसाच्या हातून होणाऱ्या चुकीला यंत्रानेच आधी अडवावे, हा त्याच्या पुढील साऱ्या कामाचा पाया येथेच दिसतो.

दोघा भावांची विभागणी ठरून गेलेली होती. पॉल यंत्राचा माणूस. अबोल, हट्टी, एकेका खिळीवर आठवडे घालवणारा. विल्हेल्म बाहेरचा व्यवहार पाही, मंत्र्यांच्या व सेनाधिकाऱ्यांच्या दारात उभा राही. पहिली काही वर्षे ही दारे बंदच राहिली. मात्र ऑस्ट्रियाला पाठवलेला नमुना सॅम्युअल नॉरिस या अमेरिकनाच्या दृष्टीस पडला. तो रेमिंग्टन कंपनीचा युरोपातील प्रतिनिधी होता. १८६७ मध्ये त्याने दोघा भावांना बेल्जियममधील लिएज या बंदूककारांच्या शहरात नेले. १८६८ मध्ये त्यांच्या रचनेचे अमेरिकी पेटंटही निघाले. परंतु रेमिंग्टनला या रचनेत रस वाटला नाही, नॉरिसचा पैसा आटला आणि १८६९ च्या अखेरीस पॉल रिकाम्या हाताने ओबर्नडॉर्फला परतला. विल्हेल्मही मागोमाग आला.

स्वीकार, पण अटीवर

मधल्या काळात ती रचना प्रशियाच्या स्पांडाऊ येथील नेमबाजी शाळेत पोहोचली होती. चाचण्यांत ती उजवी ठरली आणि १८७१ मध्ये नव्या जर्मन साम्राज्याने माउझर रायफल स्वीकारण्याचे ठरवले. स्वीकाराबरोबर एक अट आली. रायफल भरलेली असताना ती बिनधोक वाहून नेता यावी, यासाठी सुरक्षा-कळीची रचना समाधानकारक करून द्यावी. माउझरने बोल्टच्या मागच्या टोकाला पंखासारखी फिरणारी कळ बसवली. ही कळ चापाला अडवत नाही. ती थेट टोपीवर आदळणाऱ्या भागालाच धरून ठेवते. चाप ओढला गेला, त्याचा खटका झिजला किंवा रायफल हातातून पडली, तरी आघात करणारा भाग जागचा हलू शकत नाही. ही पंखाची कळ पुढे माउझर रायफलीची ओळख बनली.

प्रतिष्ठा मिळाली, पैसा मात्र आला नाही. साम्राज्याने रचनेचा मोबदला अल्प दिला आणि रायफली सरकारी कारखान्यांत बनवल्या. ज्यांच्या नावाची रायफल, त्या भावांच्या वाट्याला आधी केवळ नेम धरण्याच्या माशा आणि दृष्टिपट्ट्या बनवण्याचे काम आले. १८७३ मध्ये व्युर्टेंबर्ग सरकारने एक लाख रायफलींची मागणी दिली, तेव्हा कोठे दिवस पालटले. पुढच्याच वर्षी भावांनी बँकेच्या मदतीने ती जुनी शाही शस्त्रशाळा विकत घेतली. ज्या मठात वडील मजुरीवर काम करीत, त्याचे मालक मुलगे झाले.

हे सुख विल्हेल्मच्या वाट्याला फार दिवस आले नाही. १८८२ च्या जानेवारीत तो गेला. व्यवहाराची बाजू सांभाळणारा हात सुटल्यावर पॉलने दोन वर्षांनी कारखान्याची भागभांडवली कंपनी केली. १८८७ मध्ये तुर्कस्तानकडून साडेपाच लाख शस्त्रांची अवाढव्य मागणी आली, पण त्याच सुमारास बहुसंख्य भाग बर्लिनच्या लुडविग लोएवे कंपनीकडे गेले. पॉल आता आपल्याच नावाच्या कारखान्यात तांत्रिक प्रमुख म्हणून उरला. त्यानंतर एक घाव आणखी बसला. १८८८ मध्ये जर्मन सैन्याने नवी रायफल घेतली, ती एका समितीने जोडून-जुळवून तयार केलेली होती आणि पॉलला त्या कामात विचारलेही नव्हते.

माउझरने या अपमानाला उत्तर कारखान्यातूनच दिले. १८८९ मध्ये बेल्जियमने त्याची नवी रायफल घेतली. १८९३ मध्ये स्पेनने सात मिलिमीटरची माउझर घेतली. १८९८ च्या युद्धात क्यूबामध्ये या स्पॅनिश माउझरींनी अमेरिकी सैन्याला इतके जेरीस आणले की पुढे अमेरिकेने स्वतःच्या स्प्रिंगफील्ड रायफलीत माउझरच्या कल्पना वापरल्या आणि त्याबद्दल कंपनीला स्वामित्वधनही मोजले. दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांच्या हातातही हीच रायफल होती. अखेर ५ एप्रिल १८९८ रोजी जर्मन सैन्याने ‘मॉडेल ९८’ स्वीकारले. दहा वर्षांपूर्वी डावललेला कारागीर त्याच दारातून सन्मानाने आत आला.

दोन टप्प्यांचे गुपित

मॉडेल ९८ ची कीर्ती तिच्या भक्कम बोल्टमुळे आहे. काडतूस फुटले तर वायू बाजूला काढून देणारी छिद्रे, बोल्टला मागे येऊ न देणारा तिसरा खिळा, बोल्ट पूर्ण मिटल्याविना आघात होऊ न देणारी रचना, हे सारे नेहमी सांगितले जाते. तिच्या चापाकडे मात्र लक्ष कमी जाते, कारण तो दिसायला अगदी साधा आहे. मोजकेच भाग, एक स्प्रिंग, दोन खिळी.

त्याचे मर्म चापाच्या माथ्यावरच्या दोन उंचवट्यांत आहे. बोट चापावर ठेवून ओढू लागले की आधी पहिला उंचवटा रायफलीच्या तळाशी टेकलेला असतो. या टप्प्यात चाप सैलसर, लांब सरकतो. मग दुसरा उंचवटा टेकतो आणि बोटाला स्पष्ट अडथळा जाणवतो. येथून पुढे किंचित दाब दिला की गोळी सुटते. नवख्या नेमबाजाला पहिली सैल हालचाल म्हणजे कारागिरीतील ढिसाळपणा वाटतो. प्रत्यक्षात तीच हालचाल सुरक्षेची किंमत आहे. चापाने उचलून धरलेला खटका विश्रांतीच्या स्थितीत आघात करणाऱ्या भागात खोलवर अडकलेला असतो. पहिल्या टप्प्यात तो बराचसा बाहेर ओढला जातो आणि दुसऱ्या टप्प्याला केवळ निसटती पकड उरते. म्हणजे रायफल खांद्यावर असताना, घोड्यावरून वा बैलगाडीतून धक्के खात असताना, पकड खोल असते. नेमबाजाने विचारपूर्वक बोट आवळल्यावरच ती उथळ होते. मधेच विचार बदलून बोट सैल केले, तर खटका पुन्हा खोल जाऊन बसतो.

शिकारी रायफलींच्या गिऱ्हाइकांना मात्र याहून नाजूक चाप हवा असे. मध्य युरोपातील शिकाऱ्यांत दुहेरी चापाची रूढी होती. मागचा चाप ओढला की पुढचा इतका हळवा होई की बोटाच्या स्पर्शानेच गोळी सुटावी. मचाणावर बसून एकच नेम साधणाऱ्याला तो सोयीचा. पण असा हळवा केलेला चाप घेऊन झाडीत चालणे म्हणजे जिवाशी खेळ. ओबर्नडॉर्फच्या कारखान्याने गिऱ्हाइकांची ही मागणी पुरवली, शिकारी रायफली दुहेरी चापासह दिल्या. मात्र लष्करी रायफलीचा चाप त्याने साधा, दोन टप्प्यांचा आणि राकटच ठेवला. चिखल, बर्फ, वाळू आणि थकलेली बोटे यांना पुरून उरायचे तर असाच चाप लागतो, हे त्याने ओळखले होते.

धोक्याची किंमत त्याला पुस्तकातून शिकावी लागली नाही. १९०१ मध्ये स्वयंचलित भरणाऱ्या रायफलीवर प्रयोग चालू असताना अपघात झाला आणि पॉलने एक डोळा गमावला. तेव्हा तो साठी ओलांडलेला, जर्मन संसदेचा सदस्य आणि जगभर नाव असलेला माणूस होता. काम त्याने थांबवले नाही.

हिंदुस्थानाशी नाते

माउझरची यंत्रणा हिंदुस्थानात आली ती मुख्यतः विलायती नावाखाली. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीने ओबर्नडॉर्फहून यंत्रणा घेऊन तिच्यावर आपल्या शिकारी रायफली घडवल्या. १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला जी .२७५ रिग्बी भेट मिळाली, तिच्या पोटात माउझरचीच यंत्रणा होती आणि तिचे काडतूसही मुळात स्पॅनिश रायफलीसाठी तयार झालेले सात मिलिमीटरचे माउझर काडतूस होते. कुमाऊँच्या डोंगरात एकट्याने पायी फिरणाऱ्या, अंधारात वाट चढणाऱ्या माणसाच्या हातात ही रायफल वर्षानुवर्षे राहिली. अशा माणसाच्या रायफलीने हवी तेव्हा सुटावे याइतकेच नको तेव्हा न सुटणे महत्त्वाचे असते.

माउझर हे नाव आपल्या स्वातंत्र्यलढ्यातही ऐकू येते. ऑगस्ट १९१४ मध्ये कलकत्त्याच्या रोडा कंपनीच्या मालातून बंगाली क्रांतिकारकांनी पन्नास माउझर पिस्तुले आणि सेहेचाळीस हजार काडतुसे पळवली. ९ ऑगस्ट १९२५ च्या काकोरी प्रकरणातही माउझर पिस्तुले होती. कोणाही प्रवाशाला इजा करायची नाही असे ठरलेले असताना, तरुण मन्मथनाथ गुप्त यांच्या हातून नकळत चाप ओढला गेला आणि एका निरपराध प्रवाशाचा जीव गेला. दोष यंत्राचा नव्हता. पण चापावरचे बोट आणि मनातला निश्चय यांत क्षणाचे अंतर पडले तर काय घडते, याचे याहून दुःखद उदाहरण सापडणे कठीण.

चाप बदलणाऱ्यांचे युग

दोन महायुद्धांनंतर लाखो माउझर रायफली अडगळीत निघाल्या. अमेरिकेत त्या स्वस्तात मिळू लागल्या आणि हौशी लोक त्यांच्या शिकारी रायफली बनवू लागले. लष्करी चापाचा दोन-तीन किलोंचा दाब आणि लांब पहिला टप्पा त्यांना नकोसा झाला. त्यातून बदली चापांचा धंदा उभा राहिला. १९४६ पासून चाप बनवणारी टिम्नी ही त्यातील जुनी कंपनी. हे चाप बहुधा एकाच टप्प्याचे, काचेसारखे स्वच्छ तुटणारे आणि स्क्रूने दाब कमी-अधिक करता येणारे असतात.

येथेच माउझरचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. एकाच टप्प्याच्या चापात पकड कायम उथळ ठेवावी लागते. मग सारी भिस्त पोलादाच्या कठीणपणावर, घासलेल्या पृष्ठभागांच्या अचूकतेवर आणि स्वच्छतेवर येते. उत्तम बनावटीचा चाप ही परीक्षा उत्तीर्ण होतो. हलक्या बनावटीचा, किंवा हौसेने स्क्रू फिरवून वाजवीपेक्षा हलका केलेला चाप, थंडीत गोठलेल्या तेलाने वा धुळीच्या कणाने फसू शकतो. रेमिंग्टन कंपनीच्या ७०० या लोकप्रिय रायफलीच्या चापावरून अमेरिकेत अनेक खटले चालले. चाप न ओढता गोळी सुटते, अशी तक्रार होती. कंपनीने दोष मान्य केला नाही, परंतु तडजोडीत चाप बदलून देण्याचे कबूल केले. ज्या रेमिंग्टनच्या घराण्याला १८६० च्या दशकात माउझर नकोसा वाटला होता, त्याच नावाच्या दारात शंभराहून अधिक वर्षांनी विश्वासू चापाचा प्रश्न येऊन उभा राहिला.

दुसरी एक गोम दुर्बिणीची. माउझरची पंखाची कळ उभी फिरते आणि नळीलगत बसवलेली दुर्बीण तिच्या आड येते. म्हणून अनेक बदली चापांना बाजूला स्वतःची सुरक्षा-कळ असते. ती वापरायला सोपी, पण बहुतेक वेळा ती फक्त चाप अडवते. आघात करणाऱ्या भागाला माउझरच्या कळीसारखी धरून ठेवत नाही. चाप निवडताना तो किती ग्रॅमला सुटतो हे आधी विचारले जाते. खरे तर कळ नेमके काय अडवते, हे आधी विचारायला हवे. मूळ पंखाची कळ ठेवायची असेल, तर नव्या चापाच्या खटक्याशी तिचा मेळ कारागिराकडून बसवून घ्यावा लागतो, अन्यथा ती लागत नाही किंवा लागल्यासारखी भासते.

जाणते कारागीर बदललेला चाप तपासल्याशिवाय हातावेगळा करीत नाहीत. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करून बोल्ट जोराने मिटतात, दस्ता रबरी चटईवर आपटतात, कळ लावून चाप ओढतात आणि सोडतात, मग कळ काढतात. यांपैकी कोणत्याही क्षणी खटका सुटला, तर तो चाप कितीही मऊ असला तरी बाद. शिकारी रायफलीला साधारण दीड किलोच्या आसपासचा दाब पुरेसा हलका मानला जातो. नेमबाजीच्या मैदानावरची गोष्ट वेगळी. तेथे रायफल फक्त लक्ष्याच्या दिशेने आणि शिस्तीच्या चौकटीत भरली जाते, म्हणून स्पर्धक कितीतरी हळवे चाप वापरू शकतात. तेथील चाप रानात नेणे किंवा रानातला मैदानावर आणणे, दोन्ही अप्रस्तुत.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला आणि हौशी शिकारीचे पर्व संपले. परवान्याच्या रायफली उरल्या त्या पीकरक्षण, स्वसंरक्षण आणि खेळासाठी. त्यांत ईशापूरच्या कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल पुष्कळांच्या घरी आहे. तिची जात ली-एन्फील्डची, पण चाप मात्र तसाच दोन टप्प्यांचा. तो जड वाटतो म्हणून घरच्या घरी कानस लावण्याचा मोह धोक्याचा. शस्त्र कायदा १९५९ नुसार शस्त्रदुरुस्तीचा व्यवसायही परवान्याचाच विषय आहे. खटक्याच्या धारेवरून केसाएवढे पोलाद जास्त गेले, तर ते परत आणता येत नाही.

अखेर

१९१२ मध्ये पॉल माउझरला राजाकडून सरदारकीचा मान मिळाला. तेरा भावंडांतील शेंडेफळ आता ‘फॉन माउझर’ झाले होते. २९ मे १९१४ रोजी ओबर्नडॉर्फ येथेच त्याचे निधन झाले. दोन महिन्यांनी पहिले महायुद्ध पेटले आणि त्याने घडवलेली रायफल दोन्ही बाजूंच्या लाखो तरुणांच्या मरणाला कारण झाली. त्याच्या कर्तृत्वाचा हिशेब मांडताना ही बाजू झाकता येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंच सैन्याने ओबर्नडॉर्फचा कारखाना मोडून टाकला.

यंत्रणा मात्र मोडली नाही. आजही नामांकित कारागीर नव्या शिकारी रायफली घडवताना मॉडेल ९८ चाच साचा घेतात. कित्येक जण चाप नवा बसवतात, तर काही जण जुन्याच चापाचे दोन उंचवटे कुशल हातांनी घासून घेतात आणि त्याची सुरक्षित, खोल पकड राखतात. बोट आवळेपर्यंत धरून ठेवायचे आणि आवळल्यावर क्षणाचाही विलंब न लावता सोडायचे, ही अपेक्षा दोन्ही चापांकडून सारखीच असते. ओबर्नडॉर्फच्या त्या कारागिराने तिच्यातील पहिल्या अर्ध्या भागाला नेहमी अधिक महत्त्व दिले.